आठ की दहा? मिडफिल्डरच्या जागेवरून एवढी भांडणं का होतात

उन्हाळ्यात परभणीतला आमचा कूलर रात्रभर चालतो, आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचे शेवटचे सामने असले की टीव्हीही. सामना आपल्या घड्याळात रात्री साडेबाराला सुरू होतो. भाचा बारावीची परीक्षा देऊन सुट्टीवर आलेला, त्याचा हॉस्टेलवरचा मित्र नांदेडहून मुक्कामाला आलेला. दोघंही स्पेनच्या रेयाल माद्रिद क्लबचे भक्त, म्हणजे भांडणाला कारण नव्हतं. तरी मध्यंतरात पेटलंच. विषय माद्रिदचा इंग्लिश खेळाडू ज्यूड बेलिंगहॅम.

"तो आठ नंबर हाय. त्याला दहाला उभं करून वाया घालवायलेत," मित्र म्हणाला.

"मग तेवीस गोल काय तुझ्या आठ नंबरवरून मारले का त्यानं? उगं काहीपण बोलायलास," भाचा.

आवाजानं ताई उठून आली. "आठ आणि दहा, अठरा झाले. झोपा आता," म्हणाली. मग पाणी पिता पिता मला विचारलं, "का रे, तो पोरगा अकरा जणांत हाय ना? मग कुठं उभा राहतो यावरून एवढं भांडण काहून?"

प्रश्न रास्त आहे. आणि हे भांडण आमच्या घरापुरतं नाही. इंग्लंडचा प्रशिक्षक टॉमस टुखेलनं ऑक्टोबर २०२५ मध्ये बेलिंगहॅमला संघातच घेतलं नाही, तेव्हा त्याच्या जागेवर मॉर्गन रॉजर्स खेळत होता. जगातल्या नावाजलेल्या मिडफिल्डरांपैकी एकाची नेमकी जागा कुठली, यावर पगारी जाणकारांचंही एकमत नाही. ताईला त्या रात्री मी धड उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून हे सविस्तर.

सत्तर गुंठे आणि दहा माणसं

मोठ्या सामन्यांचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. म्हणजे ७,१४० चौरस मीटर. आपल्या हिशेबात सत्तर गुंठे, पावणेदोन एकर. गोलकीपर सोडला तर एवढं रान दहा जणांनी सांभाळायचं. डोई सात गुंठे आले. वर समोरचे दहा जण त्याच रानात घुसलेले.

रान सारखं वाटून घेऊन कुणी उभं राहत नाही. मागं बचावफळी, मध्ये मधली फळी, पुढं आघाडी. टीव्हीवर ४-३-३ असे आकडे येतात, ती याच फळ्यांतली माणसं मागून पुढं मोजलेली असतात: चार, तीन, तीन. ४-२-३-१ दिसलं तर मधल्या फळीचे दोन थर केले आहेत असं समजायचं. या मधल्या फळीतला गडी तो मिडफिल्डर.

आता गोलकीपरच्या जागेवरून कुणी भांडत नाही. बचावपटूच्या पाठीशी स्वतःचा गोल असतो, त्याला मागची काळजी करायची ती एकाच दिशेची. कडेनं पळणाऱ्या विंगरच्या एका अंगाला चुन्याची रेघ असते. भिंतीला लावलेल्या बाजेवर झोपावं तसं ते. मिडफिल्डरची बाज मात्र चौकात टाकलेली. चेंडू कुठूनही येतो, माणूस कुठूनही येतो, आणि त्यानं चुकीच्या बाजूला तोंड केलं की मागून काम होतं. जागेचा वाद याच्याच वाट्याला का येतो, ते इथं कळतं.

दारं धरणारा, लग्नघरातला काका आणि चेंडू उचलून देणारा

मधल्या फळीतली कामं ढोबळमानानं तीन. त्यांना ६, ८ आणि १० हे नंबर चिकटले आहेत.

६ नंबर समजायला आमच्या भागातल्या माणसाला वेळ लागू नये. उसाला पाणी द्यायला रात्री खोरं घेऊन जो उभा असतो, तो दारं धरतो. एका सरीचं दार फोडायचं, ती भरली की बुजवायचं, पुढचं फोडायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता उभा आहे. पण त्याचा जरा डोळा लागू द्या, पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलेलं असतं आणि सकाळी भांडण. ६ नंबरचा मिडफिल्डर बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून हेच करतो. मागून आलेला चेंडू डावीकडं सोडायचा की उजवीकडं, आत्ता सोडायचा की थांबवून, हे तो ठरवतो. चेंडू समोरच्यांच्या पायात गेला की बांध फुटू न देणं हेही त्याच्याकडं.

८ नंबर म्हणजे लग्नघरातला धाकटा काका. आत्ता स्टँडवरून पाहुणे आणतोय, आत्ता पंगतीत वाढतोय, आणि नवरदेवाचा घोडा अडला तर तिथंही हाच. आपल्या गोलपासून त्यांच्या गोलपर्यंत आणि परत.

१० नंबर समोरच्यांच्या मधल्या फळीच्या पाठीमागं आणि बचावफळीच्या पुढं जी चिंचोळी पट्टी असते, तिथं राहतो. व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारणाऱ्याला चेंडू बेतानं उचलून देणारा गडी असतो ना, त्याच्या जवळचं हे काम. कधी देतो, कधी स्वतःच मारतो.

नंबरांच्या फार नादी मात्र लागू नका. ते जुन्या काळच्या रचनेतून आले आहेत आणि देशोदेशी बदलतात. ज्याला आपण इथं ६ म्हणतोय त्याला इंग्लंडमध्ये ४ म्हणायची रीत आहे, अर्जेंटिनात ५. बेलिंगहॅम लहानपणी बर्मिंगहॅम सिटीत शिकला, तिथं त्याला २२ नंबरचा शर्ट दिला गेला. कारण तू ४ ही होऊ शकतोस, ८ ही आणि १० ही, आणि तिन्हींची बेरीज २२. २०२० मध्ये तो क्लब सोडून गेला, तेव्हा क्लबनं तो नंबरच कायमचा बाजूला ठेवला. पोरगा तेव्हा अवघा सतरा वर्षांचा! पुढं माद्रिदमध्ये त्याच्या पाठीवर ५ आला आणि इंग्लंडकडून १०. तेव्हा ताईची बेरीज अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

जागा वेगळी, काम वेगळं

एसटी स्टँडवर फलाटासमोर दोन माणसं शेजारी शेजारी उभी आहेत. एक वाहतूक नियंत्रक आहे. दुसरा जिंतूरच्या गाडीची वाट बघतोय. जागा एकच. म्हणून दोघांचं काम एक झालं का? आणि नियंत्रक खिडकीतून उठून फलाटावर आला म्हणून त्याचं काम बदललं का?

बहुतेक भांडणं इथंच घसरतात. एक जण जागेबद्दल बोलत असतो, दुसरा कामाबद्दल, आणि दोघांनाही वाटतं आपण एकाच गोष्टीवर भांडतोय.

आंद्रेया पिर्लो हे याचं माझं आवडतं उदाहरण. हा इटलीचा पोरगा १० नंबर म्हणून वाढला. इंटर मिलानमध्ये त्याचं बस्तान बसेना, म्हणून २००१ मध्ये ब्रेशिया क्लबकडं उसना गेला. तिथं १० च्या जागी आधीच रॉबेर्तो बाज्जो बसलेला. मग प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढ्यात आणून उभं केलं. पुढं एसी मिलानमध्ये कार्लो आन्चेलोत्तींनी तीच जागा पक्की केली, आणि २००६ चा विश्वचषक इटलीनं जिंकला तो याच पिर्लोला मध्ये ठेवून. त्याचं काम पहिल्यापासून एकच होतं, चेंडू नेमका पोचवणं. फक्त जागा तीस-चाळीस पावलं मागं गेली. पुढं गर्दीत त्याला मान वर करायला सवड मिळत नव्हती, मागं मिळाली.

त्याच जागेवर त्याच काळात फ्रान्सचा क्लोद माकेलेले उभा राहायचा. त्याचं काम चेंडू हिसकावून चार पावलांवरच्या गड्याकडं देणं, एवढंच. एकाच ठिकाणी उभी असलेली ही दोन माणसं कामानं नियंत्रक आणि प्रवासी यांच्याइतकीच वेगळी. माकेलेलेला रेयाल माद्रिदनं २००३ मध्ये चेल्सीला विकलं. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड बेकहॅमला आणलं. पुढच्या मोसमात माद्रिद लीगमध्ये चौथं आलं. शेत विकून दागिने केल्यासारखं झालं ते, असं आमच्याकडचा एखादा म्हातारा म्हणाला असता.

इस्तंबूलची रात्र

मिडफिल्डरची जागा शेजाऱ्यावर अवलंबून असते, हे मला सांगून पटलं नसतं. २५ मे २००५ च्या सामन्यानं पटवलं. इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत होती, लिव्हरपूल विरुद्ध एसी मिलान. लिव्हरपूलचा कर्णधार स्टीव्हन जेरार्ड.

पहिल्या डावात जेरार्ड आणि शाबी अलोन्सो हे दोघं मध्ये होते. दोघंही चेंडू पुढं खेळवणारे, दारं धरायला स्वतंत्र माणूस नाही. मिलानकडून पुढं काका खेळत होता (हे त्याचं नाव आहे, वरच्या लग्नातला काका वेगळा). त्याला त्या दोघांच्या मागं मोकळं रान मिळालं आणि तो उधळला. मध्यंतराला मिलान ३-०.

लिव्हरपूलचे प्रशिक्षक राफाएल बेनितेस यांनी मध्यंतरात एक उजवा बचावपटू काढून दीतमार हामान हा जर्मन मिडफिल्डर आणला. हामान नाव काही पोस्टरवर छापावं असं नाही. त्याचं काम काकाच्या वाटेत उभं राहणं. तो मागं उभा राहिला, आणि जेरार्ड सुटला.

५४ व्या मिनिटाला जेरार्डचा हेडरनं गोल. ५६ व्या मिनिटाला व्लादिमिर श्मित्सरचा. लगेच जेरार्ड परत आत घुसला, मिलानच्या गात्तुसोनं त्याला पाडलं, पेनल्टी, म्हणजे समोर फक्त गोलकीपर ठेवून मोकळा फटका. अलोन्सोची पेनल्टी अडली पण परत आलेला चेंडू त्यानं ६० व्या मिनिटाला मारला. सहा मिनिटांत ३-३. जेरार्ड तोच, बूट तेच. बदललं होतं ते त्याच्या पाठीमागचं माणूस.

आणि गंमत पुढंच आहे. जादा वेळेत मिलानचा ताज्या दमाचा सेर्जिन्यो डाव्या कडेनं पळून भंडावून सोडायला लागला. बेनितेसनं त्याला रोखायला कुणाला पाठवलं? जेरार्डलाच, उजव्या बचावपटूच्या जागी. म्हणजे जगातला एक अव्वल मिडफिल्डर एका रात्रीत आधी मध्ये अडकला, मग पुढं मोकळा सुटला, आणि शेवटी कडेला राखण करत बसला. शेवटी पेनल्ट्यांवर लिव्हरपूल ३-२ नं जिंकलं. मिलानकडून ज्यांच्या पेनल्ट्या हुकल्या किंवा अडल्या, त्यांत आपला पिर्लोही होता.

आता सांगा, त्या रात्री जेरार्डची 'सगळ्यात चांगली जागा' कुठली होती? प्रश्न असा विचारला की उत्तर येत नाही. "हामान असताना कुठली?" असं विचारलं की लगेच येतं.

दोन चांगले एकत्र आले तर दुप्पट चांगलं, नाही का?

हा हिशेब इंग्लंडनं सात-आठ वर्षं करून बघितला. एकीकडं जेरार्ड, दुसरीकडं चेल्सीचा फ्रँक लॅम्पार्ड. लॅम्पार्डनं मिडफिल्डर असून चेल्सीसाठी २११ गोल केले, क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त. दोघांना मध्ये शेजारी शेजारी उभं केलं की इंग्लंड अजिंक्य, असं कागदावर दिसायचं. मैदानात जमलं नाही. दोघांनाही योग्य वेळी पुढं धाव घ्यायची असायची, आणि एक गेला की दुसऱ्यानं मागं थांबायचं हे कुणाच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. चेल्सीत लॅम्पार्ड बिनघोर पुढं जायचा, कारण मागं माकेलेले होता. हो, माद्रिदनं विकलेला तोच.

या दोघांना जागा करून देताना युरो २००४ या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत पॉल स्कोल्स या तिसऱ्या मिडफिल्डरला डाव्या कडेला ढकललं गेलं. स्पर्धा संपल्यावर २९ व्या वर्षी त्यानं इंग्लंडकडून खेळणंच सोडलं. एकाच घरात तीन आचारी आणि पाणी भरायला कुणी नाही, अशी ती अवस्था.

मग बेलिंगहॅमच्या त्या तेवीस गोलांचं काय?

भाच्याचा मुद्दा हाच होता, तेव्हा त्याला सोडून चालणार नाही. २०२३-२४ मध्ये बेलिंगहॅम माद्रिदला आला आणि पहिल्याच मोसमात सगळ्या स्पर्धांत मिळून २३ गोल केले, त्यातले १९ स्पॅनिश लीगमध्ये. माद्रिदनं लीगही जिंकली आणि चॅम्पियन्स लीगही. म्हणून तो १० नंबर, असं भाचा म्हणतो.

पण ते गोल कुठून आले ते बघा. त्याच उन्हाळ्यात करीम बेन्झेमा हा माद्रिदचा मुख्य आघाडीपटू सौदी अरेबियाला गेला होता आणि त्याच्या तोडीचं माणूस कुणी आणलं नव्हतं. विनिसियस आणि रॉद्रिगो हे पुढचे दोघं कडेकडेला सरकायचे, आणि गोलसमोरचा मधला पट्टा रिकामा पडायचा. बेलिंगहॅम तिथं आधीपासून उभा नसायचा. तो मागून धावत यायचा, त्यामुळं बचावपटूंना आपण कुणाला धरायचं हेच ठरवता येत नसे. आणि त्याला असं सोडून जाता यायचं, कारण मागं टोनी क्रूस दारं धरून उभा होता. शेजारी वाल्वेर्दे, कामाविंगा, चुआमेनी अशी पळणारी माणसं होती. ते मोसमभर चाललेलं इस्तंबूलच होतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात क्रूस निवृत्त झाला. किलियन एम्बाप्पे आला, आणि तो मधला रिकामा पट्टा रिकामा राहिला नाही. पुढच्या मोसमात बेलिंगहॅमचे गोल बरेच कमी झाले, लीग बार्सिलोनानं नेली. पोरगा बिघडला अशी ओरड सुरू झाली. त्याला दुखापतीही होत्या, सगळं काही जागेवर ढकलता येणार नाही. तरी पण ज्या रिकाम्या रानात तो पेरणी करत होता त्यावर दुसऱ्याचं नाव लागलं होतं आणि पाटाला पाणी सोडणारा घरी गेला होता. पीक कमी आलं तर एकट्या बियाण्याला काय दोष द्यायचा?

मित्राचंही पूर्ण बरोबर नाही. 'तो ८ आहे' म्हणजे काय, तर त्याला लांबून पळत यायला आवडतं. पण म्हणून त्याला मागं ठेवून ६ ची राखणही त्याच्याच गळ्यात घातली, तर तो पुढं पोचेपर्यंत दम संपलेला असेल.

'खरा खेळाडू कुठंही खेळतो'

हा आक्षेप आमच्या गल्लीत फार लोकप्रिय आहे. यावर मला एन्गोलो कान्ते आठवतो. फ्रान्सचा हा बुटका गडी २०१५-१६ मध्ये लेस्टरकडून इंग्लंडची लीग जिंकला आणि पुढच्याच वर्षी चेल्सीकडून परत. जगभर त्याची ओळख 'सगळ्यात चांगला ६ नंबर' अशी झाली.

२०१८ मध्ये माउरिझिओ सारी चेल्सीचे प्रशिक्षक झाले. त्यांनी इटलीतून जोर्जिन्योला सोबत आणून ६ च्या जागी ठेवलं आणि कान्तेला उजवीकडं थोडं पुढं सरकवलं. केवढी ओरड झाली! गाडी पुढं ठेवून बैल मागं का जुंपला, असा सूर.

खरं म्हणजे कान्ते एका जागी उभं राहून राखण करणारा कधीच नव्हता. तो चेंडूमागं धावणारा शिकारी. लेस्टरमध्ये तो शेजारच्या गड्यासोबत जोडीनं खेळायचा, एकट्यानं मागचं दार सांभाळत नव्हता. लोकांनी त्याच्या कामाला जागेचं नाव दिलं, आणि मग जागा बदलली म्हणून हळहळत बसले. त्याचवेळी सारींचं सगळं बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही. कान्तेला गोलसमोर चेंडू घेऊन काहीतरी घडवायला लावणं हे त्याच्या हाडात नव्हतं, आणि ते दिसायचं.

२०२१ मध्ये, पुढं बेलिंगहॅमला वगळणारा हाच टुखेल चेल्सीचा प्रशिक्षक म्हणून आला. त्यानं कान्ते आणि जोर्जिन्यो यांना शेजारी शेजारी बसवलं, मागं तीन बचावपटू दिले. एकानं चेंडू फिरवायचा, दुसऱ्यानं शिकार करायची. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचे दोन्ही सामने आणि अंतिम सामना, तिन्हींत कान्ते सामनावीर. अंतिम लढतीत प्रशिक्षक पेप ग्वार्दिओलाच्या मँचेस्टर सिटीला चेल्सीनं १-० नं हरवलं.

मोठा खेळाडू कुठंही उभा राहील, हे खरं. लिव्हरपूलला वाचवायला जेरार्ड कडेला उभा राहिलाच की. पण अर्ध्या तासाची अडचण भागवणं आणि वर्षभर तिथं राबणं यात फरक आहे. हेडमास्तर एखाद्या दिवशी शाळेची घंटाही वाजवतात. म्हणून त्यांना शिपायाच्या खुर्चीत बसवून शाळा चालत नाही.

पण आकडे खोटं बोलतात का?

खोटं बोलत नाहीत, अर्धवट बोलतात. किती पास दिले, किती टक्के अचूक, किती किलोमीटर धावला. हल्ली मोबाइलवर मैदानाचं चित्र येतं, खेळाडू जिथं जास्त वेळा होता तिथं लाल डाग. पोरं ते डाग दाखवून भांडतात.

ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या राखणदाराची नोंद ठेवा बघू. दिवसभरात बसला, उठला, चार दगड मारले, भाकरी खाल्ली. जी पाखरं त्याला बघून उतरलीच नाहीत, त्यांचा रकाना कुठल्या वहीत असतो? ६ नंबरचं निम्मं काम तसलं. तो वाटेत उभा आहे म्हणून समोरच्यानं चेंडू तिकडं दिलाच नाही, हे कुठल्याही लाल डागात येत नाही.

ते कळतं माणूस नसला की. सिटीनं २०२१ च्या त्याच अंतिम सामन्यात सुरुवातीला ना रॉद्रिला खेळवलं ना फर्नांदिन्योला. दोघंही दारं धरणारे. त्या जागी पुढं खेळणाऱ्या गुंदोआनला ठेवलं. हरण्याला आणखीही कारणं होती, पण तो निर्णय ग्वार्दिओलांच्या मागं अजून लागलेला आहे. दोन वर्षांनी सिटी पुन्हा अंतिम फेरीत आली ती पुन्हा इस्तंबूललाच. तेव्हा रॉद्रि संघात होता, आणि सामन्यातला एकमेव गोलही त्यानंच केला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुढच्याच महिन्यात त्याला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर मिळाला, तो घ्यायला तो कुबड्यांवर आला. सलग चार वर्षं लीग जिंकलेली सिटी त्या मोसमात तिसरी आली.

'आजच्या फुटबॉलमध्ये सगळेच सगळीकडं पळतात, मग जागा कसली?'

हे म्हणणारे १९७४ च्या विश्वचषकातल्या हॉलंडचं नाव घेतात. प्रशिक्षक रिनस मिखल्स, कर्णधार योहान क्रॉयफ. बचावपटू पुढं जायचा, आघाडीवाला मागं यायचा. त्याला टोटल फुटबॉल म्हणतात.

हे नीट समजायला मराठवाड्याएवढी चांगली जागा नाही, कारण आपल्याकडं खो-खो आहे. धाराशिवच्या सारिका काळेंना अर्जुन पुरस्कार ज्या खेळासाठी मिळाला, तो. पाठलाग करणारी खो देते, बसलेली उठून पळते, आणि खो देणारी त्याच चौकोनात बसते. माणसं सतत बदलतात. चौकोन मात्र कधी मोकळा राहत नाही. हॉलंडचं तेच होतं. क्रॉयफ मागं आला की दुसरा कुणी पुढं गेलेला असायचा. जागा नाहीशा झाल्या नव्हत्या, जागांवर कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं एवढंच. आणि असं खेळायला दहाही जणांना सगळ्या जागांची अक्कल लागते, जी जमवणं एका चांगल्या १० नंबरपेक्षा किती तरी अवघड.

तर मग सगळ्यात चांगली जागा असं काही नसतंच?

असतं, पण ते तारखेसकट सांगावं लागतं. जर्मनीचा फिलिप लाम जगातला एक अव्वल उजवा बचावपटू. २०१३ मध्ये ग्वार्दिओला बायर्न म्युनिकला आले आणि त्याला मधल्या फळीत ६ च्या जागी खेळवायला लागले. जर्मनीत वाद पेटला, अगदी आमच्या घरासारखा. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीचे प्रशिक्षक योआखिम ल्योव यांनीही सुरुवातीला त्याला मध्येच ठेवलं, कारण सामी खेदिरा आणि बास्टियन श्वाइनश्टायगर हे नेहमीचे दोघं दुखापतीतून नुकते उठले होते. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्ससमोर ते दोघं एकत्र उभे राहण्याजोगे झाले, तसा लाम परत उजव्या कडेला गेला. उपांत्य फेरीत ब्राझीलला ७-१, अंतिम फेरीत अर्जेंटिनाला १-०. लाम मध्ये चांगला की कडेला, हे ल्योवनी ठरवलंच नाही. खेदिराच्या गुडघ्यानं ठरवलं.

भाच्याला मी हे नंतर सांगितलं, तर तो जरा गप्प झाला. कारण वेगळं होतं. तो स्वतः इथल्या एका संघात खेळतो. कोल्हापुरासारखं पेठापेठांत फुटबॉल आपल्याकडं नाही, अकरा पोरं जमवतानाच संध्याकाळ होते, त्यामुळं १० व्हायला नऊ जण तयार आणि ६ व्हायला कुणी नाही. सरांनी याला मागं उभं केलंय. "मामा, सगळे गोल मारायलेत आणि मी नुसता उभा," अशी त्याची तक्रार. बेलिंगहॅमच्या निमित्तानं तो कुणाची बाजू मांडत होता, ते मला तेव्हा कळलं.

त्या रात्री एव्हाना दुसरा डाव सुरू झाला होता. ताई झोपायला जाता जाता दारात थांबली होती, तशीच खांबाला टेकून बघत राहिली. माद्रिदचा एक जण मधून सुसाट पुढं पळाला, भाचा आणि मित्र दोघंही ओरडत उठले.

"अरे पण तो गेला," ताई म्हणाली, "तिथं मागं आता कोण हाय?"

कुणीच नव्हतं. चेंडू हुकला, समोरच्यांनी तिथूनच उचलला, आणि सातव्या-आठव्या सेकंदाला आमच्या घरात शांतता पसरली.